घरचे यंत्र : मऊ स्प्रिंगचा कठीण ठोका

गेल्या खेपेस या सदरात आम्ही शिवणयंत्राच्या पट्ट्याविषयी लिहिले, तेव्हा पुढचा विषय पाण्याच्या पंपाचा घ्यावा असे मनात होते. परंतु मध्यंतरी आमच्याच घरी एक प्रकरण उभे राहिले आणि त्याचा निकाल लागेपर्यंत दुसरे काही सुचेना. प्रकरण मोटारसायकलीचे आहे म्हणून भगिनीवर्गाने पान उलटू नये. त्यात आरोपी आम्ही आहोत, आणि फिर्याद आहे ती मागच्या आसनावरून आलेली.

आमच्या सौ.चे माहेर देवासचे. इंदूरहून देवास पस्तीस-एक किलोमीटर. सासूबाई तेथे धाकट्या मेव्हण्यापाशी असतात. वय ऐंशीच्या पुढे. पंधरा दिवसांतून एका रविवारी सकाळी निघावयाचे, दुपारचे जेवण तेथे करावयाचे आणि उन्हे कलली की परतावयाचे, हा आमचा वर्षानुवर्षांचा क्रम. गेल्या दोन वर्षांत तो मोडत गेला. आधी महिन्यावर आला, मग सणासुदीवर. सौ. म्हणे, कंबर धरते. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखविले. त्यांनी क्ष-किरण चित्र पाहून, वयोमानाप्रमाणे आहे, घाबरण्याजोगे काही नाही, मात्र धक्के टाळा, असे सांगितले. धक्के टाळण्यासाठी आम्ही दोन गोष्टी केल्या. गाडीवर नवी जाड गादी बसविली, आणि मिस्त्रीकडे जाऊन मागच्या दोन्ही स्प्रिंगा ‘अगदी मऊ’ करून आणल्या.

धक्के वाढले. सौ. म्हणाली, “अहो, पूर्वी नुसते हादरे बसत. आता खड्डा आला की खालून कुणी वरवंटा मारल्यासारखे होते.” आम्ही उत्तर दिले की स्प्रिंग आहे ती सर्वांत मऊ पायरीवर आहे, याहून मऊ ती होत नाही, तेव्हा ठोका बसत असेल तर तो तुझ्या कमरेचाच दोष. हे वाक्य आम्ही उच्चारले होते, हे येथे नमूद करणे भाग आहे. त्यानंतर ती काही बोलली नाही. देवासला बसने जाऊ लागली, एकटी, आणि तेही क्वचित.

चुकीचा शोध लागला तो गाडी धुताना. आमच्या गाडीला मागे दोन बाजूंना दोन शॉकॲब्सॉर्बर आहेत. मिस्त्रीलोक त्यांना नुसते ‘शॉकर’ म्हणतात. स्प्रिंगच्या वेढ्यांतून आतला पोलादी दांडा दिसतो. या दांड्यावर रस्त्याची धूळ बसते, आणि दांडा नळीत जितका आत जाऊन येतो तितकी ती पुसली जाते. आमच्या गाडीचा दांडा मुळापासून माथ्याच्या रबरी ठोकळ्यापर्यंत स्वच्छ पुसलेला होता आणि रबराच्या बुडावर नळीचा गोल वळ उमटला होता. म्हणजे गाडी नुसती दबत नव्हती, तळाला जाऊन आदळत होती. तेथे स्प्रिंगचे काम संपते आणि लोखंडाचे सुरू होते. सौ. ज्याला वरवंटा म्हणत होती तो हाच. तिने हादरा आणि ठोका असे दोन निरनिराळे शब्द वापरले होते, आणि यंत्राच्या दृष्टीने ते अगदी अचूक होते.

आता हे आम्हाला पुढे बसून का कळू नये? चालवणारा साधारणपणे दोन चाकांच्या मध्ये बसतो. मागचे माणूस जवळजवळ मागच्या आसावर बसते. बसच्या शेवटच्या बाकावर ज्यांनी प्रवास केला आहे त्यांना हा फरक समजावून सांगावयास नको. शिवाय चालवणाऱ्याला खड्डा आधी दिसतो, तो पायांवर किंचित भार घेऊन अंग सैल सोडतो. मागच्याला आमची पाठ तेवढी दिसते. त्यातून साडी नेसून एका बाजूस बसलेल्या बाईला दोन्ही पाय रोवून उचलून धरण्याची सोयच नसते. जो धक्का येतो तो सरळ पाठीच्या कण्यात जातो. चालवणाऱ्याने ‘गाडी मऊ आहे’ असा निर्वाळा देणे म्हणजे पुढच्या बाकावरून मागच्या बाकाचे हवापाणी सांगण्यासारखे आहे.

मागच्या चाकाला स्प्रिंग असणे ही गोष्ट आज इतकी अंगवळणी पडली आहे की ती तुलनेने नवी आहे हे लक्षात येत नाही. पुढच्या चाकाचे दुःख आधी हलके झाले. जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने १९३५ साली आपल्या गाड्यांना तेलाने धक्का जिरवणारा, नळीत नळी सरकणारा पुढचा चिमटा बसविला. मागचे चाक मात्र पुढेही कित्येक वर्षे बहुतेक गाड्यांत सांगाड्याला घट्ट आवळलेले असे; आसनाखालच्या दोन स्प्रिंगा हीच काय ती दया. इंग्लंडच्या रॉयल एनफील्डने १९४८ साली बुलेटचे नमुने शर्यतीत उतरविले, त्यांत मागचे चाक वरखाली झुलणाऱ्या दांड्यांवर, तेलाच्या शॉकॲब्सॉर्बरांसह बसविले होते. अशी नाजूक रचना खडकाळ वाटेवर टिकेल काय, अशी शंका तेव्हा घेतली जाई. ती टिकली, आणि १९५५ पासून मद्रासला त्या गाडीची जुळणी सुरू झाल्यावर आपल्याही रस्त्यांवर आली. ज्यांच्या घरी राजदूत होती त्यांना आठवेल की तिची पुढची रचना वेगळीच असे. पोलंडच्या एसएचएल गाडीवरून घेतलेली ती गाडी पुढचे चाक झुलत्या बाह्यांमध्ये धरी. दुधाच्या चरव्या लादून माळव्यातल्या गाडीवाटांनी ती कशी जाई हे आम्ही पाहिले आहे. असो, जुन्या गाड्यांचा विषय निघाला की आमचे पाऊल मागे वळत नाही.

मूळ मुद्दा असा. शॉकॲब्सॉर्बरच्या बुडाशी, काही गाड्यांत माथ्याशी, पायऱ्या कापलेली एक लोखंडी कडी असते. बहुधा पाच पायऱ्या असतात. कडी फिरविली की स्प्रिंगचे बूड एकेक पायरी वर चढते आणि स्प्रिंग आधीपासूनच थोडी दाबलेल्या स्थितीत राहते. पहिल्या पायरीला ‘मऊ’ आणि पाचवीला ‘कडक’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. सारा घोटाळा या दोन शब्दांनी केला आहे. स्प्रिंगचा ताठरपणा तिच्या तारेच्या जाडीवर, वेढ्यांच्या व्यासावर आणि संख्येवर ठरतो. कडी फिरविल्याने यांतले काहीही बदलत नाही. एकसारख्या वेढ्यांच्या स्प्रिंगवर दहा किलोंचा अधिक भार पडला तर ती पहिल्या पायरीवर जितकी दबते तितकीच चौथीवरही दबते. बदलते ते एवढेच की गाडी किती उंचीवरून दबावयास लागते.

हे आम्हाला पटले ते सासूबाईंच्या बाजेमुळे. देवासच्या घरी सुंभाची एक जुनी बाज आहे. वापरून वापरून तिला अशी झोळ पडली की झोपणाऱ्याची पाठ जमिनीला टेके. मेव्हण्याने चारी पायांखाली एकेक वीट लावली. सुंभ काही ताठ झाले नाही, झोळही तेवढीच राहिली. पण पाठ आणि जमीन यांच्यात अंतर पडले आणि म्हातारीला सुखाची झोप लागली. कडीच्या पायऱ्या म्हणजे या विटा. दोन माणसांच्या भाराने खोल बसलेल्या गाडीला त्या उचलून धरतात, आणि खड्ड्यात चाक वर येण्यासाठी जागा मोकळी ठेवतात. आम्ही सौ.च्या काळजीने ज्या विटा होत्या त्याही काढून घेतल्या होत्या.

विटा किती लावाव्या, हे मोजून ठरते. शिवणाची टेप, चिकटपट्टीचा तुकडा आणि शेजारचा एक मुलगा एवढे साहित्य पुरे. गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी, म्हणजे मागचे चाक अधांतरी लोंबते. आसाच्या नटाच्या बरोबर वर, गादीखालच्या भागावर चिकटपट्टी लावून तिथपर्यंतचे अंतर मोजावे. आमचे आले ५२ सेंटिमीटर. मग गाडी स्टँडवरून उतरवून मोकळी उभी करावी : ५१. मग चालवणाऱ्याने बसावे : ४९.४. शेवटी मागच्या व्यक्तीनेही नेहमीप्रमाणे, नेहमीच्या पिशवीसह बसावे : ४७.५. सांध्यांतील घर्षणामुळे गाडी कधी थोडी वर अडकते, कधी खाली. म्हणून एकदा दाबून हळूच सोडून मोजावे, एकदा किंचित उचलून सोडून मोजावे आणि दोहोंची सरासरी घ्यावी. गाडी कुणीतरी सरळ धरलेली असावी. पाय जमिनीला टेकले की मोजमाप वाया गेले.

हिशेब पाहा. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात मागच्या चाकाची चाल, म्हणजे ते वरखाली जाण्याची एकूण मर्यादा, आठ सेंटिमीटर दिली आहे. आम्ही दोघे बसताच गाडी साडेचार सेंटिमीटर खाली बसत होती. उरले साडेतीन. त्यांतला शेवटचा दीड रबरी ठोकळ्याचा. म्हणजे आठ सेंटिमीटरांच्या गाडीवर सौ. अवघ्या दोन सेंटिमीटरांवर देवासला जात होती. मऊ गादी वर, आणि खाली दोन सेंटिमीटर!

सर्वसाधारण नियम असा की माणूस बसल्यावर एकूण चालीच्या चौथाई ते तिसरा हिस्सा गाडी खाली बसावी. दोघे असताना याहून थोडे अधिक चालते. अगदीच कमी बसत असेल तर तेही बरे नव्हे. रस्त्यात खळगा आला की चाकाला खाली उतरून त्याचा तळ गाठता आला पाहिजे. त्यासाठी बसण्यातली काही जागा लागतेच.

कडी फिरविण्यासाठी गाडीच्या हत्यारांच्या पिशवीत आकड्यासारखा वाकडा पाना असतो. आमचा निर्मात्याने गुंडाळून दिलेल्या कागदातच होता. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन, सायलेन्सर गार झाल्यावर, पायऱ्यांतला चिखल ब्रशाने काढून, पाना खाचेत नीट अडकवून फिरवावे. आकडा निसटला तर बोटांची सालपटे निघतात. हाताला फडके गुंडाळलेले बरे. पेचकस आणि हातोडी घेऊन कडी ठोकणारे कारागीर आम्ही पाहिले आहेत. त्यांच्या हातून पायऱ्यांच्या कडा झिजतात आणि मग कडी कुठल्याच पायरीवर ठरत नाही. दोन्ही बाजूंच्या कड्या एकाच पायरीवर आहेत ना, हे वाकून डोळ्यांनी पाहावे, बोटाने चाचपावे. एक बाजू दुसरीवर आणि एक चौथीवर, असे पुष्कळदा आढळते.

आम्ही चौथी पायरी लावली. पुन्हा मोजले. दोघांसह ४८.६. गाडी आता ३.४ सेंटिमीटर बसत होती. रबर सोडून दोनाच्या जागी तीन सेंटिमीटर मोकळे झाले. कागदावर एक सेंटिमीटर फार दिसत नाही.

पण कागदाला कंबर नसते. डॉक्टरांना विचारून, सौ.ला आम्ही गल्लीपासून मुख्य रस्त्यापर्यंत एक फेरी मारण्याची विनंती केली. तेवढ्या वाटेत तीन गतिरोधक, नळाच्या खोदाईचे दोन चर आणि एक बुजविलेला, म्हणजे उंचवटा झालेला खड्डा आहे. ठरले असे की वरवंटा बसला की तिने आमच्या खांद्यावर एक टिचकी मारावी. नुसत्या हादऱ्याची मोजदाद नाही. आधी कड्या पहिल्या पायरीवर परत नेऊन एक फेरी केली. सहा टिचक्या, शेवटची टिचकी नव्हती, चापट होती. मग चौथ्या पायरीवर, त्याच वेगाने, त्याच वाटेने. एक. इंदूरजवळ पीथमपूरला वाहनांच्या चाचणीसाठी ११.३ किलोमीटरचा अतिवेगाचा गोल मार्ग बांधला आहे आणि २०२१ साली त्याचे उद्घाटन झाले. आमचा मार्ग अर्ध्या किलोमीटरचा. पण परीक्षक अधिक कडक.

उरलेल्या एका टिचकीचे कारण निराळे निघाले. गाडीचे मागचे टोक तळहातांनी जोराने दाबून सोडले तर ते एकदा वर येऊन स्थिर व्हावयास हवे. आमची गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. स्प्रिंग धक्का झेलते, पण झेललेला धक्का जिरविण्याचे काम तिचे नव्हे. ते नळीतल्या तेलाचे. आतला दट्ट्या बारीक छिद्रांतून तेल ढकलतो आणि त्या श्रमात उसळीचा जोर संपतो. तेल गळाले की स्प्रिंग एकटी उरते, आणि लागोपाठ दुसरा खड्डा आला की गाडी अर्धवट दबलेल्या स्थितीतच त्यात सापडते. उजव्या शॉकॲब्सॉर्बरवर तेलाचा ओला पट्टा होता. असे नळकांडे उघडून, तेल भरून, पुन्हा बंद करून देणारे लोक आहेत. आमचा अनुभव असा की ते थोडेच दिवस टिकते. आम्ही जोडी बदलली. एकच बदलून पैसे वाचविण्याचा मोह झाला होता. परंतु एका बाजूला नवे आणि एका बाजूला थकलेले, असे चाक वळणावर सरळ चालत नाही. नव्या जोडीवर पुन्हा टेप लावली, चौथीच पायरी योग्य ठरली. टिचकी एकही नाही.

खरे पाहता या सर्वांच्या आधी करावयाची गोष्ट आम्ही शेवटी केली. ती म्हणजे चाकांतली हवा. गाडीच्या साखळीच्या झाकणावर किंवा पुस्तकात मागच्या चाकाचे दोन आकडे दिलेले असतात, एकट्याचा आणि दोघांचा. पेट्रोलपंपावरचा मुलगा विचारल्याशिवाय दोन्ही चाकांत एकच आकडा भरतो, आणि तो बहुधा जास्तीचा असतो. प्रमाणाबाहेर फुगलेले चाक दगडासारखे होते. त्यावर कितीही चांगली स्प्रिंग लावा. हवा सकाळी, चाके गार असताना पाहावी.

पुढच्या चिमट्याविषयी येथे थोडेच सांगतो. साध्या गाड्यांत तेथे फिरवावयास काही नसते. दोन्ही नळ्यांत पुस्तकात सांगितलेल्या जातीचे व मापाचे तेल सारखे भरलेले असावे, मुदतीने बदलावे आणि नळीवर तेलाचे ओघळ दिसले की सील बदलून घ्यावे. हे तेल खाली ब्रेकवर उतरले तर प्रश्न कमरेचा राहत नाही. नव्या महाग गाड्यांत मागे एकच शॉकॲब्सॉर्बर मध्ये बसविलेला असतो, आणि काहींना तेलाचा वेग कमीअधिक करण्याचे स्क्रूही असतात. मुलांनी तशी गाडी घेतली असेल तर त्यांना एवढेच सांगावे की मूळ जागा आधी वहीत लिहून ठेव आणि एका वेळी एकच गोष्ट बदल. काही स्कूटरना तीन पायऱ्या असतात, काहींना मुळीच नसतात. तेथे हवा आणि वेग हेच दोन उपाय.

पायरी बदलल्यावर दोन गोष्टी मागाहून पाहाव्या लागतात. मागची बाजू उचलली की पुढच्या दिव्याचा झोत खाली येतो. आमचा इतके दिवस समोरून येणाऱ्यांच्या डोळ्यांत जात असणार; रात्री लोक आम्हाला दिवे का मिचकावून दाखवीत, याचा उलगडा आता झाला. आणि साखळीचा ताण पुन्हा तपासावा. याशिवाय एकट्याने रोज कामावर जावयाचे असेल तर कडी परत दुसऱ्या पायरीवर आणावी. आम्ही आळसाने चौथीवरच एकटे हिंडलो, तर मोकळी गाडी जेमतेम दीड सेंटिमीटर बसे आणि मागचे चाक लहानशा खडीवरही टणटण उडे. आता शनिवारी रात्री दोन पायऱ्या वर आणि सोमवारी सकाळी दोन खाली, असा नेम आहे. पाच मिनिटे लागतात. पाना आता कागदात नसतो, दाराशी खिळ्याला असतो.

ज्यांना डॉक्टरांनी गाडीवर बसूच नका असे बजावले आहे त्यांनी हे वाचून पाना हाती घेऊ नये. आमच्या सौ.ला ताकीद धक्क्यांची होती, गाडीची नव्हती. आणि तिच्याही कमरेचा व्यायाम चालूच आहे.

गेल्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही निघालो. क्षिप्रेच्या पुलापर्यंत खांद्यावर एकही टिचकी नाही. पुलाच्या पुढे आम्हालाच राहवेना; मान वळवून विचारले, “कंबर कशी आहे?” सौ. म्हणाली, “पुढे बघा.” देवासला सासूबाई ओसरीवर त्याच बाजेवर बसल्या होत्या. लेकीला गाडीवरून उतरताना पाहून त्या काही बोलल्या नाहीत, नुसता तिच्या पाठीवरून हात फिरविला.

परतताना त्यांनी दहा किलो शरबती गव्हाची पिशवी काढून ठेवली होती. नाही म्हणण्याची सोय नव्हती. आम्ही अंगणात गाडी मधल्या स्टँडवर घेतली, आकड्याचा पाना काढला आणि कड्या पाचव्या पायरीवर नेऊ लागलो. “जावईबापू, गाडी बिघडली का हो?” सासूबाईंनी काळजीने विचारले.

“बिघडली नाही, आई,” सौ. म्हणाली, “विटा लावताहेत.”